चौथा जलपाळणा

"मूल हे दान आहे. मागणी नोंदवून घरी आणायची वस्तू नव्हे," जसिंताबाई तुस्कानो म्हणाल्या आणि सवयीने थांबल्या. या वाक्यानंतर थोडं थांबायचं असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. समोर चर्चच्या हॉलमध्ये लग्न ठरलेली जोडपी बसली होती. वसईच्या त्या धर्मग्रामात लग्नाआधीचा कोर्स केल्याशिवाय फादर लग्न लावत नसत, आणि कोर्समधला 'जीवनाची प्रतिष्ठा' हा तास जसिंताबाईंशिवाय होत नसे. हयातभर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलेलं. पेशी, गुणसूत्रं आणि परमेश्वर या तिघांना त्या एकाच फळ्यावर सुखाने नांदवत असत.

"म्हणजे टीचर, प्रयोगशाळेत तयार झालेलं मूल हे पाप?" मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं.

"मूल कधीच पाप नसतं, बाय. ते कसंही आलेलं असो, पहिल्या पेशीपासून ते माणूसच. चूक त्याला तसं आणणाऱ्यांची. कारण एक मूल हवं म्हणून चार भ्रूण तयार करतात, आणि उरलेले गोठवून ठेवतात. त्या बिचाऱ्यांना ना आई, ना बाप, ना नाव!"

नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. त्या व्हरांड्यात आल्या.

"मॅडम, आमचं क्लिनिक महिनाअखेर बंद होतंय. तुमचे दोन भ्रूण आमच्याकडे गोठवलेले आहेत. तुम्ही नेणार, की नष्ट करायचे?"

"राँग नंबर," जसिंताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संत पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, जसिंताबाईंनी पोटच्यांना एकदाच. पण पेत्राला आठवण करून द्यायला निदान कोंबडा तरी आरवला होता. जसिंताबाई पदर सावरून आत गेल्या आणि त्यांनी तास पुरा केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, हे त्यांना स्वतःलाच सगळ्यात आधी कळलं होतं.

तेवीस वर्षांपूर्वी, लग्नाला आठ वर्षं होऊनही पाळणा हलेना, तेव्हा जसिंताबाई आणि त्यांचे यजमान बेंजामिन मुंबईच्या त्या क्लिनिकमध्ये जाऊ लागले. चर्चला हा मार्ग मान्य नव्हता आणि गावात तर भिंतींनाही कान. मग एक युक्ती निघाली. दर बुधवारी माहीमच्या माउलीच्या नोव्हेनाला, म्हणजे नवसाच्या प्रार्थनेला, वसईतून गाड्या भरून माणसं जात. "आम्हीही नोव्हेनाला चाललोय," असं सांगायचं, माहीमला उतरायचं, बाहेरूनच हात जोडायचे आणि टॅक्सीने क्लिनिक गाठायचं. वर्षभरात कृपाचा जन्म झाला. नोव्हेनाचं फळ म्हणून बाळ बघायला सगळं गाव लोटलं. फादरांनी मिस्सानंतर, रविवारच्या उपासनेनंतर, साक्ष द्यायला सांगितली. नाही कसं म्हणणार? जसिंताबाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि रडल्या. अश्रू खरे होते, एवढंच काय ते खरं होतं.

ती साक्ष ऐकणाऱ्यांत त्यांची धाकटी जाऊ होती, सेलिन. तिचं नुकतंच लग्न झालेलं. पुढे तिलाही मूल होईना, तेव्हा तिने बुधवार धरले. अकरा वर्षं तिने एकही बुधवार चुकवला नाही, आणि तिचा डबा जसिंताबाई स्वतः भरून देत. मध्ये एकदा ती मुंबईच्या एका डॉक्टरचा पत्ता घेऊन आली होती. "वहिनी, ते म्हणतात, नळीत करून बघू. काय करू?" जसिंताबाईंनी मनाशी हिशेब केला. डॉक्टरकडे गेली तर दहा प्रश्न विचारेल, दहा गोष्टी तिला कळतील. त्या म्हणाल्या, "विश्वास ठेव, सेलिन. माझ्याकडे बघ ना." सेलिनने पत्ता फाडून टाकला. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

जसिंताबाईंनी या पापाचं कुमसार, म्हणजे धर्मगुरूपुढची कबुली, केलं नव्हतं असं नाही. केलं होतं, पण थेट गोव्याला जाऊन, कुणी ओळखणार नाही अशा एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांपाशी. त्यांनी क्षमा दिली. वर म्हणाले, "गावभर सांगू नको. पण जिचं नुकसान झालं, तिला सांग." जसिंताबाईंनी मान हलवली. ती मान त्या अजून हलवतच होत्या.

रात्री जेवताना त्यांनी फोनची गोष्ट सांगितली, तेव्हा बेंजामिन जागच्या जागी थिजले. घरामागे त्यांची सोनचाफ्याची बाग होती. समुद्राचं खारं पाणी विहिरींत शिरल्यापासून ते झाडं मोठाल्या पिंपांत वाढवत आणि एरवी त्यांच्याशी बायकोपेक्षा जास्त बोलत.

"जसू, झाकली मूठ सव्वा लाखाची," ते शेवटी म्हणाले. "कृपा तिकडे आयर्लंडात सुखात आहे. आपण पन्नाशी ओलांडली. आता कशाला?"

"मग नष्ट करा म्हणून सांगू? मी? पोरांना शिकवते ते काय मग, बोलाचीच कढी?"

बेंजामिन उठून चाफ्याच्या पिंपांकडे गेले. ताटातला भात मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सेलिन धावतच आली. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड जसिंताबाईंनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"वहिनी, सिस्टरांच्या हॉस्पिटलात चौथा जलपाळणा येतोय! कुणी म्हणतं, तो अनाथ भ्रूणांसाठी ठेवणार. टाकून दिलेल्यांना जन्म द्यायचा आणि आईबाप शोधून द्यायचे. पन्नाशीच्या आतल्यांना मिळेल म्हणतात. मी नाव देऊ? यात पाप नाही ना? तुम्ही हॉस्पिटलच्या समितीत आहात, तुम्हीच सांगा."

"पाप नाही," जसिंताबाई म्हणाल्या. त्यांना आणखी बोलायचं होतं. पण सेलिनने त्यांचे दोन्ही हात धरले होते आणि ती हसत होती. हसणाऱ्या बाईला असलं काही सांगायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं.

जलपाळणा हे नाव हॉस्पिटल चालवणाऱ्या सिस्टरांनीच दिलं होतं. साडेपाच महिन्यांत जन्मलेल्या बाळाची मोठी वैरीण म्हणजे हवा. त्याची फुप्फुसं श्वासाला तयार नसतात. त्यांत हवा भरायला जावं तर ती कायमची दुखावतात. म्हणून शास्त्रज्ञांनी बाळाला हवेत आणायचंच नाही असं ठरवलं. कोमट, खारट पाण्याने भरलेली पारदर्शक पिशवी, तिच्यात बाळ, आणि त्याची नाळ बाहेरच्या एका छोट्या यंत्राला जोडलेली. यंत्र रक्तात प्राणवायू मिसळून देतं. रक्त ढकलायला पंप नाही, ते काम बाळाचं इवलंसं हृदयच करतं. दोन-अडीच महिने असं पोहून झालं की पिशवी उघडायची आणि बाळ दुसऱ्यांदा जन्माला येतं.

पुढची पायरी अलीकडची. गर्भाशयाचं अस्तर प्रयोगशाळेत वाढवता येऊ लागलं, आणि त्या अस्तरावर भ्रूण रुजायला लागला. द्रव नायट्रोजनच्या उणे एकशे शहाण्णव अंशांत गोठलेल्या भ्रूणाचं वय वाढत नाही. वीस वर्षांनीही तो पहिल्या आठवड्यातलाच असतो. त्याला अलगद वितळवायचं, अस्तरावर रुजवायचं आणि जलपाळण्यात वाढवायचं. आईच्या पोटाची गरज नाही. गरज फक्त एक पाळणा नऊ महिने अडवून ठेवण्याची. आणि हॉस्पिटलातले आधीचे तीन पाळणे कधीच रिकामे नसत.

चौथ्याचं काय करायचं, हे हॉस्पिटलच्या नीतिसमितीने ठरवायचं होतं. जगभरच्या धर्मपंडितांत यावर एकमत नव्हतं. महागुरूंनी, म्हणजे वसईच्या बिशपांनी, निर्णय समितीवर सोपवला होता, कारण जो प्रश्न खाली सुटतो तो वर नेऊ नये, हीदेखील चर्चची जुनी शिकवण. समितीत पाच जण होते. नीतिशास्त्र शिकवणारे फादर एडविन कोरिया, बालविभागाच्या प्रमुख डॉक्टर सिस्टर लिडविना, एक वकील, एक बालरोगतज्ज्ञ आणि जसिंताबाई.

"आयुष्यभर आपण सांगत आलो की भ्रूण म्हणजे माणूस," फादर एडविन म्हणाले. "तेव्हा लोक विचारायचे, मग त्या गोठलेल्यांचं काय करता? आपण गप्प बसायचो. आता वाट सापडली, तर जागा नाही म्हणायचं?" वकिलांनी मान डोलावली.

सिस्टर लिडविना आवाज न चढवता बोलत, म्हणूनच त्यांचं बोलणं झोंबत असे. "मी कुठे म्हणते, तो माणूस नाही? पण जव्हार-मोखाड्याहून बायका येतात. अंगात रक्त नाही, वीटभट्टीवर ओझी वाहिलेली, पाचव्या-सहाव्या महिन्यात मोकळ्या होतात. तिन्ही पाळणे भरलेले असले की मी त्यांना काय सांगते, ते मलाच ठाऊक. चर्चने आपल्याला हेही शिकवलंय ना, की आधी दुबळ्याकडे बघा? एक भ्रूण नऊ महिने पाळणा अडवतो, तेवढ्यात अशी चार बाळं तगतात; पण मी एका जीवाला चार जिवांनी भागत नाहीये, फादर. मी एवढंच विचारते, आज दाराशी कोण उभं आहे? गोठलेलं बाळ थांबू शकतं. तिचं थांबत नाही." बालरोगतज्ज्ञ त्यांच्या बाजूने होते.

दोन विरुद्ध दोन. सगळ्यांनी जसिंताबाईंकडे पाहिलं.

खरं तर त्याच क्षणी त्यांनी उठायला हवं होतं. 'यात माझा स्वार्थ आहे, मला मत देता येणार नाही,' एवढं एक वाक्य पुरलं असतं. सिस्टरांचं म्हणणं त्यांना पटलंही होतं, हे त्यांच्या मनाला लख्ख कळत होतं. पण डोळ्यांसमोर सेलिनचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यामागे त्यांचे स्वतःचे दोन जीव. सेलिनला मूल मिळेल, आपले जीव वाचतील, आणि कुणाला काही सांगावंही लागणार नाही! एका हातात इतकी सगळी सोय त्यांना आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

"पाळणा भ्रूणांसाठी असावा," त्या म्हणाल्या आणि हात वर केला.

सिस्टर लिडविना नुसत्या "बरं" म्हणाल्या.

त्यानंतर जसिंताबाई प्रयोगशाळेतल्या भ्रूणतज्ज्ञ डॉक्टरांना एकट्याच भेटल्या. दोन्ही भ्रूण क्लिनिकमधून इकडे आणायचे, ते सेलिनला द्यायचे आणि नाव गुप्त ठेवायचं, असं ठरलं. कायद्याने ते करता येत होतं. सेलिनला एवढंच सांगण्यात आलं की भ्रूण तेवीस वर्षांचे आहेत, आईबाप वसईकडचे आहेत.

वितळवताना एक भ्रूण टिकला नाही. जसिंताबाईंनी रविवारी चर्चमध्ये 'कुटुंबातल्या एका मृत आत्म्यासाठी' मिस्सा लावली. "तुमच्याकडे कोण गेलं, टीचर?" ऑफिसातल्या मुलाने विचारलं. "लांबचं कुणी," त्या म्हणाल्या, आणि मिस्साभर त्यांना मान वर करवली नाही. त्याच्यासाठी रडायलाही त्यांना खोटं बोलावं लागलं होतं.

दुसरा रुजला.

सेलिन आणि तिचा नवरा इग्नास रोज संध्याकाळी काचेपाशी येत. सेलिन पिशवीतल्या ठिपक्याला दिवसभराच्या बातम्या सांगे. आत बसवलेल्या छोट्या ध्वनिक्षेपकातून तिचा आवाज बाळापर्यंत पोचे. जसिंताबाई सकाळी येत, एकट्या. ठिपक्याचा मासा झाला, माशाला बोटं फुटली. कृपा पोटात असताना त्यांना हे काही दिसलं नव्हतं. त्या काचेला कपाळ लावून उभ्या राहत. नर्स कौतुकाने म्हणत, "जावेजावेत असं प्रेम कुठे बघायला मिळतंय!"

पाचव्या महिन्यात एका सकाळी त्या आल्या, तेव्हा पॅसेजमधल्या बाकावर एक बाई बसली होती. विशीतली असेल. काष्ट्याचं लुगडं, मोकळे केस, मांडीवर रिकामे हात. शेजारी तिची सासू भिंतीला टेकून उभी होती. सिस्टर लिडविना दारात दिसल्या. त्यांचे डोळे लाल होते.

"मोखाड्याची कमळी दुमाडा," त्या हळूच म्हणाल्या. "पहाटे मोकळी झाली. साडेपाच महिन्यांचा मुलगा. तिन्ही पाळणे भरलेले. साध्या पेटीत ठेवून पाहिला. गेला." त्यांनी दार मागे ओढून घेतलं. "तुला काही म्हणत नाही, जसिंता. समितीने सद्‌बुद्धीनेच ठरवलं. आणि आता आतल्याला काढून दुसऱ्याला ठेवायचं, हे तर मीही कधी करणार नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या.

सद्‌बुद्धी! जसिंताबाईंना कुणी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

कमळी उठून काचेपाशी आली. चौथ्या पिशवीतल्या बाळाने नेमकी कूस बदलली.

"यो कुणाचा?"

"एक बाई आहे. तिला मूल नव्हतं," जसिंताबाई कशाबशा म्हणाल्या.

"यो आधी आला, म्हनून याला जागा?"

"हो."

"माझा आधी आला असता, तं?"

आधी आला म्हणून नव्हे, हे जसिंताबाईंना ठाऊक होतं. त्यांनी हात वर केला म्हणून. कमळी उत्तराची वाट बघत थोडा वेळ उभी राहिली, मग सासू म्हणाली, "चल, पोरी, गाडी जायील," आणि त्या दोघी निघून गेल्या. त्या दिवसापासून जसिंताबाईंनी कोर्सचा तास घेणं बंद केलं. गुडघे दुखतात, असं त्यांनी फादरांना सांगितलं. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, आणि आता तर त्यात एक मूल मेलं होतं.

मुलगा वेळेवर पिशवीबाहेर आला आणि त्याने वॉर्ड दणाणून सोडला. सेलिनने त्याला छातीशी धरलं आणि तीही तशीच रडली. बाप्तिस्म्याचा दिवस ठरला. धर्ममाता कोण, असं फादर एडविननी विचारलं, तेव्हा तिने क्षणाचाही विचार केला नाही.

"जसिंतावहिनी."

"अगं, एखादी तरुण बघ," जसिंताबाई घाईघाईने म्हणाल्या.

"तुम्हीच," सेलिन म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी नव्हती.

रविवारी दुपारी जलकुंडाभोवती घरचीच माणसं होती. सेलिन, इग्नास, बेंजामिन, आणि पांढऱ्या झबल्यातलं बाळ जसिंताबाईंच्या हातात. बेंजामिननी बागेतली चाफ्याची फुलं आणली होती आणि ते त्यांच्याकडेच बघत उभे होते. रिवाजाप्रमाणे पाणी घालण्याआधी फादरांनी आईबापांना आणि धर्ममातेला विचारलं,

"सैतानाचा तुम्ही त्याग करता का?"

"करतो," सगळे म्हणाले.

"त्याच्या सगळ्या कृत्यांचा?"

"करतो."

"त्याच्या सगळ्या लबाडीचा?"

"करतो," सेलिन आणि इग्नास म्हणाले. जसिंताबाईंचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. हातातलं बाळ त्यांच्याकडे टक लावून पाहत होतं. त्याचे कान बेंजामिनसारखे होते, थेट.

"टीचर?" फादर म्हणाले.

"फादर, थांबा जरा." त्या सेलिनकडे वळल्या. "सेलिन, हे मूल..."

"मला माहीत आहे, वहिनी."

बेंजामिनच्या हातातली फुलं खाली पडली.

"तेवीस वर्षांचे भ्रूण, आईबाप वसईचे. मला काय हिशेब येत नाही?" सेलिन म्हणाली. "आणि परक्याच्या लेकरासाठी कुणी रोज सकाळी काचेला डोकं टेकून उभं राहत नाही. मी एकदा लवकर आले होते. तुम्हाला पाठीमागून पाहिलं आणि परत गेले. घरी जाऊन ताटं फोडली. मग यांना सांगितलं, जिने माझे बुधवार खाल्ले तिचंच मूल मी वाढवणार आहे." तिने बाळाचं झबलं सारखं केलं. "तेव्हापासून वाट बघते, तुम्ही कधी सांगता. धर्ममाता उगाच नाही केलं तुम्हाला. इथं तरी खोटं बोलता येणार नाही, असं वाटलं. सांगा आता. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला."

जसिंताबाईंनी सांगितलं. माहीमला बाहेरूनच जोडलेले हात, साक्षीत गाळलेले अश्रू, सेलिनने फाडलेला पत्ता, वितळताना गेलेला तो एक जीव. सेलिन ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी मान हलत होती. हे सगळं तिने आधीच सोसून ठेवलं होतं. माफी अजून नव्हती, पण ती येणार होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

इथे थांबता आलं असतं. जसिंताबाईंना ते कळलंही. एक क्षण त्यांना मोह झाला.

"आणखी एक आहे," त्या म्हणाल्या. "समितीत मत माझं होतं. सिस्टरांचं बरोबर आहे हे मला पटलं होतं, तरी मी हात वर केला. माझ्यासाठी. आणि तुला सांगावं लागू नये म्हणून. त्यामुळे मोखाड्याच्या कमळीच्या बाळाला पाळणा मिळाला नाही. ते गेलं."

सेलिनची मान हलायची थांबली.

"कोण कमळी?"

जसिंताबाईंनी तेही सांगितलं. पहाट, बाक, रिकामे हात. तिने विचारलेला प्रश्न आणि आपण न दिलेलं उत्तर. फादर एडविन जलकुंडाच्या काठाला धरून उभे होते. पाळणा भ्रूणांना द्यावा म्हणून सगळ्यात जास्त बोलले होते ते तेच.

सेलिनने पुढे होऊन बाळ आपल्या हातात घेतलं. किती तरी वेळ ती त्याच्याकडेच बघत राहिली. मग ते तिने परत जसिंताबाईंच्या हातात ठेवलं, अलगद नव्हे, जड ओझं ठेवावं तसं.

"संध्याकाळी मोखाड्याला जायचंय," ती म्हणाली. "मी, तुम्ही आणि हा. तिने विचारलं ना, माझा आधी आला असता तर? त्याचं उत्तर तिला द्यायचंय. मी एक शब्द बोलणार नाही, वहिनी. तुम्हीच बोलायचं."

"ती मला उंबऱ्यात उभं करणार नाही."

"मग उंबऱ्याबाहेरून बोला." सेलिन फादरांकडे वळली. "विचारा, फादर. पुन्हा विचारा."

फादरांनी जलकुंडाचा काठ सोडला. "सैतानाच्या सगळ्या लबाडीचा तुम्ही त्याग करता का?"

"करते," जसिंताबाई म्हणाल्या. आपण काय कबूल करतोय हे या वेळी त्यांना पुरतं कळत होतं, आणि त्यांनी बाळाला जलकुंडावर धरलं.